चंद्राची वही : वाचकांचे प्रश्न

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत रोज चंद्र पाहा आणि वहीत टिपून ठेवा, असं या सदरात सुचवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आठवडाभर रोज चित्र काढलं. पण माझी कोर ग्रहणातल्या चंद्रासारखी दिसते, आकाशातल्यासारखी काही जमत नाही. वही नेमकी कशी आखायची?

एक वर्तुळ काढायचं आणि दुसऱ्या वर्तुळानं त्याचा घास घ्यायचा, अशी तुमची कोर असणार. बहुतेकांची तशीच असते. त्या पद्धतीत कोरीची टोकं पुढे येऊन अंधाऱ्या भागाला मिठी मारतात. खऱ्या चंद्रकोरीची टोकं मात्र कायम एकाच व्यासाच्या दोन टोकांवर असतात. कोर केसाएवढी असो की जाडजूड, ती बरोबर अर्धा परीघ व्यापते. तिची बाहेरची कड अर्धवर्तुळ असते आणि आतली कड अर्धं लंबवर्तुळ.

काढायची रीत अशी. कंपास 2.5 सेंमीवर धरून 5 सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. कोरीची टोकं जिथे दिसतात तिथून जाणारा व्यास फिकट रेषेनं आखा, मग त्याला काटकोनात दुसरा. समजा चंद्र 30 टक्के उजळलेला आहे. दुसऱ्या व्यासावर उजळ कडेपासून 1.5 सेंमीवर खूण करा आणि दोन्ही टोकं या खुणेतून जाणाऱ्या वळणदार रेषेनं जोडा. झाली कोर. क्षेत्रफळाचे टक्के आणि या आडव्या व्यासावरचे टक्के तंतोतंत सारखे येतात, त्यामुळे हीच रीत उलटीही चालते : डोळ्यांनी पाहून खूण करा, पट्टीनं मोजा, टक्के मिळाले. पेन्सिलीनं अंधारा भाग भरा, उजळ भाग कोराच ठेवा.

चित्राशेजारी पाच गोष्टी लिहा : तारीख आणि वेळ, चंद्राची दिशा, क्षितिजापासूनची उंची, सूर्यापासूनचं अंतर आणि टोकांचा कल. उंची आणि अंतर मुठींत मोजायचं. हात पूर्ण ताठ करून धरलेली मूठ साधारण 10 अंश भरते. तुमची मूठ तपासून घ्या : क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ रचत गेलात तर नऊ बसायला हव्यात. आठच बसल्या तर तुमची मूठ 11 अंशांची, इतकंच. कोपर वाकलं की मात्र सगळा हिशेब बिघडतो.

पाचांतली सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे सूर्यापासूनचं अंतर, आणि नेमकी तीच लोक गाळतात. चंद्राची कला म्हणजे दुसरं काही नाही, आपल्याला सूर्य आणि चंद्र यांच्यात दिसणारा कोन. हा कोन दिवसाला सरासरी 12.2 अंशांनी वाढतो, म्हणजे मूठ आणि वर दोन बोटं. कोन 60 अंश झाला की पाव चंद्र उजळतो, 90 ला अर्धा, 120 ला पाऊण. मधल्या दिवसांत कला भराभर बदलते आणि दोन्ही टोकांना रेंगाळते. षष्ठीपासून दशमीपर्यंत रोज नऊ-दहा टक्क्यांची भर पडते, तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जेमतेम एका टक्क्याची. वही नीट ठेवली असेल तर हे पान उलटतानाच जाणवतं.

वेळ ठरवून घ्या. द्वितीयेपासून चतुर्दशीपर्यंत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं पाहा. मावळतीचा बिंदू तेव्हा ओळखता येतो आणि मुठी तिथपासून मोजता येतात. पौर्णिमेनंतर ही वेळ निरुपयोगी होते, कारण चंद्र उगवलेलाच नसतो. इथेच बहुतेक वह्या कोऱ्या राहतात. तेव्हा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून वेळ उलटी करा : सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, आणि मुठी उगवतीच्या बिंदूपासून. ढगांमुळे दिवस गेला तर चौकोन रिकामा ठेवा. अॅपमधून पाहून भरलेलं चित्र लगेच ओळखू येतं, त्यात टोकांचा कल नेमका चुकलेला असतो.

प्रश्न : अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पश्चिमेचं क्षितिज मोकळं होतं, तरी कोर दिसली नाही. मी चुकीच्या ठिकाणी पाहत होतो का?

ठिकाण बरोबरच असेल. घोटाळा तासांचा आहे. अमावास्या हा एक क्षण असतो. तो पहाटे 5 ला होऊन गेला असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्राचं वय 37 तास होतं आणि कोर सहज दिसते. तोच क्षण रात्री 11 ला असेल तर दुसऱ्या संध्याकाळी वय भरतं 19-20 तास, आणि एवढी कोवळी कोर अनुभवी माणसालाही हुलकावणी देते. नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या सर्वांत कोवळ्या कोरीचा जो विक्रम सांगितला जातो तो 1990 चा आहे, सुमारे साडेपंधरा तासांचा. म्हणून तारखेवर जाऊ नका. पंचांगात किंवा खगोलीय तक्त्यात अमावास्या संपण्याची वेळ पाहा आणि तिथपासून तास मोजा. 24 तासांच्या आत आशा कमीच ठेवायची. 30 च्या पुढे, हवा स्वच्छ असेल तर, बहुधा दिसते.

वयाखेरीज ऋतूचाही हात असतो. वसंताच्या आसपास संध्याकाळी चंद्राची वाट क्षितिजाशी उभी असते, त्यामुळे कोर मावळतीच्या बिंदूच्या जवळजवळ सरळ वर सापडते आणि उशिरा मावळते. शरदात तीच वाट आडवी पडते. कोन तेवढाच असूनही कोर बाजूला सरकते आणि क्षितिजाच्या धुरकटात बुडते. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका हा फरक वाढतो.

शोधायला सुरुवात सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी करा. त्याआधी आकाश फार उजळ असतं, आणि 45 मिनिटांनंतर आकाश छान काळवंडतं खरं, पण तोवर कोर क्षितिजाला टेकलेली असते. अंधार पडू दे मग पाहू, या विचारानंच पुष्कळांची कोर हुकते. 7×50 किंवा 10×50 ची (म्हणजे 7 किंवा 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगाची) साधी दुर्बीण हाताशी ठेवा, मात्र आधी लांबच्या एखाद्या तारकेवर किंवा दिव्यावर फोकस करून घ्या. फोकस हललेला असेल तर एवढी बारीक रेघ दिसतच नाही. आणि दुर्बीण उचलायची ती सूर्य पूर्ण मावळल्यावरच. महिन्याच्या शेवटी पहाटेची कोर पाहताना धोका उलटा असतो, पाहता पाहता सूर्य वर येतो. सूर्योदयाच्या 10 मिनिटं आधीचा गजर लावा आणि तो वाजला की दुर्बीण खाली.

अमावास्येच्या ऐन क्षणी चंद्र दिसूच शकत नाही का, असंही तुम्ही विचारलं आहे. डोळ्यांना नाही. पण 8 जुलै 2013 रोजी फ्रान्सच्या तिएरी लेगो यांनी नेमक्या त्या क्षणाच्या कोरीचं छायाचित्र टिपलं, तेही भर दिवसा, अवरक्त प्रकाशात आणि सूर्याचा उजेड अडवणारा खास पडदा लावून. घरी करून पाहायची ही गोष्ट नव्हे.

प्रश्न : कोरीच्या पोटात उरलेला गोल चंद्रही अंधूक दिसतो. तो भास असतो का?

भास नाही, तो पृथ्वीप्रकाश. आपल्याकडून चंद्र कोरीएवढा दिसतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते. तिच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. लिओनार्दो दा विंचीनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या टिपणांत हे कारण लिहून ठेवलं होतं. तृतीया-चतुर्थीला सूर्यास्तानंतर तासाभरानं हा उजेड सर्वांत ठसठशीत असतो. अष्टमीच्या सुमारास तो विरतो, कारण चंद्राचा उजळ भाग डोळे दिपवू लागतो आणि चंद्रावरून दिसणारी पृथ्वीही अर्धीच उरलेली असते.

प्रश्न : चंद्र रोज 50 मिनिटं उशिरा उगवतो असं वाचलं होतं. माझ्या वहीत कधी 38 मिनिटं आहेत, कधी 60. शिवाय एका तारखेला तर चंद्रोदयच नाही! माझं घड्याळ चुकतंय का?

घड्याळ ठीक आहे. 50 मिनिटं ही महिन्याभराची सरासरी. चंद्र पृथ्वीजवळ असतो तेव्हा ताऱ्यांमधून दिवसाला 15 अंशांपर्यंत सरकतो, दूर असतो तेव्हा 12 च्या आसपास. जितका पुढे सरकेल तितका पृथ्वीला जास्त फिरावं लागतं आणि तितका उशीर. याहून मोठं कारण म्हणजे पूर्व क्षितिजाशी चंद्राच्या वाटेचा कल. वाट आडवी असली की दिवसभराच्या सरकण्यानं चंद्र क्षितिजाखाली फारसा जात नाही आणि उशीर कमी होतो. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या पौर्णिमेला असं घडतं, म्हणून त्या दिवसांत सलग तीन-चार संध्याकाळी चंद्र जवळपास त्याच सुमाराला उगवल्यासारखा वाटतो. मार्चच्या पौर्णिमेला नेमकं उलट.

उगवायला चुकलेल्या तारखेचं कोडं सोपं आहे. दोन चंद्रोदयांत सुमारे 24 तास 50 मिनिटं जातात. समजा 9 तारखेला चंद्र रात्री 11:40 ला उगवला. पुढचा उदय साधारण 12:30 ला, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर, तेव्हा घड्याळात 11 तारीख लागलेली असते. 10 तारखेच्या वाट्याला उदयच येत नाही. कृष्ण अष्टमीच्या आसपास दर महिन्याला हे होतं. शुक्ल अष्टमीच्या सुमारास अशीच एक तारीख चंद्रास्ताविना जाते, ती तुमच्या वहीत शोधून पाहा.

प्रश्न : दोन रात्री चंद्र सारखाच गोल दिसला. पौर्णिमा कोणती, हे पंचांग न पाहता कसं ठरवायचं?

पौर्णिमेच्या क्षणाच्या एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर चंद्र सुमारे 99 टक्के उजळलेला असतो. 5 सेंमीच्या वर्तुळात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा डोळ्यांना तो दिसला नाही यात नवल नाही. दोन खुणा मात्र आहेत. पहिली, सूर्यास्त आणि चंद्रोदय यांतलं पुढे-मागे. सूर्य मावळण्याआधीच चंद्र वर आलेला असेल तर पौर्णिमेचा क्षण बहुधा अजून यायचा आहे, सूर्य मावळल्यावर आला तर होऊन गेला आहे. पूर्वेला डोंगर किंवा इमारती असतील तर ही खूण दगा देते. तेव्हा दुसरी वापरा : दुर्बिणीतून चंद्राची कड बारकाईनं पाहा. ज्या बाजूला विवरांच्या सावल्या, दातेरी कड दिसते ती बाजू अपुरी आहे. संध्याकाळी उगवलेल्या चंद्राची दातेरी कड पूर्वेकडची, म्हणजे क्षितिजाकडची असेल तर चंद्र अजून भरतो आहे. वरची, पश्चिमेकडची असेल तर उतरायला लागला.

आता उजेडाचं. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत असेल, असा तुमच्या पत्रात अंदाज आहे. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरकं पडतं आणि प्रत्येक खडकाची, खड्ड्याची सावली आपल्याला दिसते. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे असतो, सावल्या वस्तूंच्याच आड जातात आणि सगळा पृष्ठभाग एकदम लखलखतो.

प्रश्न : चंद्र पृथ्वीभोवती 27.3 दिवसांत फिरतो, मग महिना 29.5 दिवसांचा का?

चंद्र 27.3 दिवसांत ताऱ्यांमधल्या जुन्या जागी परततो, पण तोवर पृथ्वी सूर्याभोवती सुमारे 27 अंश पुढे गेलेली असते. त्यामुळे आपल्याला सूर्यही ताऱ्यांमधून तितकाच सरकलेला दिसतो. त्याला गाठायला चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडे जास्त लागतात. वहीत पडताळा घेता येतो : एखाद्या रात्री चंद्र ठळक ताऱ्याजवळ दिसला तर नोंदवा. 27 दिवसांनी तो पुन्हा त्याच ताऱ्याच्या आसपास असेल, पण कला दोन दिवस मागची. सरासरी चांद्रमास 29 दिवस 12 तास 44 मिनिटांचा असतो. प्रत्यक्ष महिना त्याहून सहा-सात तास कमी-जास्त भरतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचे 12-12 अंशांचे तीस तुकडे, म्हणून तिथीही कधी 20 तासांत उरकते, कधी 26 च्या पुढे लांबते. तिथीचा क्षय आणि वृद्धी यातूनच निघते.

प्रश्न : मुलीला शिकवताना मीच अडखळले. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ना?

नाही. सावलीचा संबंध फक्त चंद्रग्रहणाशी. मुलीला खोलीत करून दाखवा. शेड काढलेला एक दिवा डोळ्यांच्या उंचीवर, बाकी अंधार. पेन्सिलीच्या टोकावर 5-6 सेंमीचा पांढरा चेंडू खोचा. थर्मोकोलचा उत्तम, चकाकणारा प्लॅस्टिकचा नको, कारण त्यावर दिव्याचा एक ठिपका चमकतो आणि कला दिसतच नाही. चेंडू हात लांब करून दिव्याच्या दिशेनं धरायला सांगा : ही अमावास्या. मग तिनं स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं, नजर चेंडूवर. पाव वळण झालं की अर्धा चेंडू उजळ, दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. पाठ दिव्याकडे होताच डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि मूल म्हणतं, म्हणजे पौर्णिमेला ग्रहण! चेंडू डोक्याच्या वर उचलायला सांगा. आकाशातही असंच होतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे आणि चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची दाट सावली जेमतेम दीड अंश रुंद असते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

सावलीचा गैरसमज मोडायला दिवसाचा चंद्रही कामी येतो. शुक्ल अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास आग्नेयेकडे चंद्र दाखवा (दक्षिण गोलार्धात ईशान्येकडे). सूर्यही आकाशात, चंद्रही आकाशात, दोन्ही क्षितिजाच्या वर. मग पृथ्वीची सावली चंद्रावर कशी पडेल, हे तिलाच विचारा.

प्रश्न : लहान दुर्बीण घेतली आहे. पौर्णिमेला चंद्र पाहिला तर नुसता पांढरा भगभगीत. विवरं कधी दिसतात?

पौर्णिमा हा विवरं पाहायचा सर्वांत वाईट दिवस. पाहायची ती उजेड आणि अंधार यांची सीमारेषा. तिथे सूर्य नुकता उगवत असतो, त्यामुळे थोडक्या उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडते. ही रेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे 15 किमी वेगानं सरकते. रमतगमत चालवलेल्या सायकलचा वेग हाच. एखादं विवर सीमेवर असताना त्याचं मधलं शिखर पाहा : आधी काळ्याभोर खड्ड्यात एक उजळ ठिपका उमटतो, कारण ऊन शिखराला आधी लागतं आणि तळाला कित्येक तासांनी. दोन तासांनी परत या, तो ठिपका वाढलेला असतो.

अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी कडेजवळचा मारे क्रिसियम हा अंडाकृती सपाट डाग दिसतो. पाचव्या-सहाव्या दिवशी थिओफिलस, सुमारे 100 किमी रुंद, आणि त्याला खेटून दोन जुनी झिजलेली विवरं. अष्टमीला मध्यभागी टॉलेमियस, सपाट तळाचं, 150 किमीचं. नवव्या दिवशी कोपर्निकस, आणि या साऱ्यात ते सर्वांत देखणं : 93 किमी रुंदी, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, मध्ये शिखरांचा झुबका. टायकोचं उलट आहे. आठव्या-नवव्या दिवशी ते गर्दीतलं एक विवर असतं, पण पौर्णिमेला त्याच्यापासून निघालेले पांढरे पट्टे चंद्रभर पसरलेले दिसतात. तेव्हा पौर्णिमा अगदीच वाया जात नाही. हीच विवरं कृष्ण पक्षात सूर्य मावळताना पुन्हा पाहा, सावल्या उलट्या पडलेल्या असतात.

चंद्रावर यान उतरवतानाही याच तिरक्या उन्हाचा विचार होतो. अपोलो 11 जुलै 1969 मध्ये उतरलं तेव्हा अमावास्येनंतरचा सातवा दिवस चालू होता आणि उतरण्याच्या जागी सूर्य क्षितिजापासून अवघा 11 अंश वर होता, म्हणजे खड्डे आणि दगड सावल्यांवरून ओळखू यावेत. चंद्रयान-3 देखील 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं ते शुक्ल पक्षात, त्या जागी सकाळ झालेली असताना. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांना चंद्रावरचा अख्खा दिवस, म्हणजे आपले सुमारे 14 दिवस, त्यामुळे मिळाला.

प्रश्न : मोबाइलनं फोटो काढला की चंद्राच्या जागी पांढरा ठिपका येतो.

कॅमेरा काळं आकाश पाहून उजेड वाढवतो, आणि चंद्र तर उन्हात तापलेला खडक आहे. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून फोकस अडकवा आणि उजेडाची पट्टी डाग दिसेपर्यंत खाली ओढा. डिजिटल झूम टाळा. मोबाइलची भिंग दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून, दुर्बीण ट्रायपॉडवर ठेवून आणि टायमर लावून काढलेला फोटो त्यापेक्षा कितीतरी सरस येतो. आकाश पूर्ण काळं व्हायच्या आत काढलात तर काम आणखी सोपं. स्वतंत्र कॅमेरा असेल तर पौर्णिमेला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ/11 (भिंगाचं छिद्र) आणि 1/100 सेकंद इथून सुरुवात करा. अर्ध्या चंद्राला 1/25 सेकंद लागेल, बारीक कोरीला त्याहून जास्त. पृथ्वीप्रकाश टिपायचा असेल तर आयएसओ 400, एफ/5.6 आणि सुमारे दोन सेकंद. त्यात कोर जळून पांढरी होणार, त्याला इलाज नाही. दोन्ही हवं असेल तर दोन फोटो काढा.